मागच्या खोलीत कोण झोपतं?

बाबा नगरपालिकेत गेले ते फक्त विचारायला. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, कुणाची नोटीस आली नव्हती, शेजारीपाजारी एका शब्दाने बोलले नव्हते. पण बाबांचा स्वभावच तसा. गॅस बंद केला की नाही हे बघायला ते कोपऱ्यावरून परत यायचे, आणि बघून बाहेर पडल्यावर, बघता बघता आपणच चालू तर नाही ना केला, म्हणून पुन्हा यायचे. त्या दिवशी रेडिओवर कुणीतरी सांगितलं, की राहत्या वस्तीत कोंबड्या पाळायच्या तर परवानगी लागते. बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांच्या परसात तीन कोंबड्या होत्या आणि त्या कित्येक वर्षं बिनपरवाना, अगदी राजरोस, कॉक कॉक करत होत्या.

"विचारून तर येतो," बाबा म्हणाले.

"नका विचारू," आई म्हणाली. "हात जोडते."

"अगं, विचारायला काय जातं?"

काय जातं ते दुपारी कळलं.

खिडकीमागच्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून बाबांकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःच्या पायांनी चालत सापडायला आलं होतं.

"किती आहेत?"

"तीन."

"लाडाच्या की उत्पन्नाच्या?"

"लाडाच्याच हो. माझ्या आईच्या होत्या."

"अंडी देतात?"

"देतात की."

"मग उत्पन्नाच्या."

"पण अंडी आम्ही घरीच खातो!"

"म्हणजे उत्पन्न लपवून खाता," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं. "पत्ता?"

इथे कुणीही शहाणा माणूस मागे वळून पळाला असता. बाबांनी पत्ता सांगितला. एवढंच नव्हे, तर निळं फाटक, फाटकाला एक बिजागरी नाही, कडी आतून आहे पण हात घातला की निघते, हेही सांगितलं.

महिनाअखेरपर्यंत परवानगी मिळवा, नाहीतर कोंबड्या शहराबाहेरच्या पोल्ट्रीत जमा होतील, असं ऐकून बाबा घरी आले. हे सगळं त्यांनी जेवताना एका दमात सांगितलं. आईने कपाळावर हात मारला. आणि अण्णा, म्हणजे बाबांचे वडील, पानावरून उठले, हात धुतले आणि परसात निघून गेले. काही बोलले नाहीत. तसे ते हिवाळ्यापासून कुणाशी फार बोलतच नव्हते.

हिवाळ्यात आजी गेली होती.

कोंबड्या तिच्या. ती त्यांना "माझ्या तीन जावा" म्हणायची. थोरली, मधली आणि नकटी. थोरली मानी, मधली आळशी, आणि नकटीच्या नाकात मिरची. जवळ गेलं की टोचणार म्हणजे टोचणार. आजीला सुनेपेक्षा त्यांचीच काळजी जास्त, असं आई हसून म्हणायची. खुराडं अण्णांनी बांधलेलं. ते सुतार होते, दारंखिडक्या करण्यात सगळा जन्म गेलेला. जागा मात्र आजीने ठरवली होती, मागच्या खोलीच्या खिडकीला अगदी लागून. "सकाळी डोळा उघडला की माझ्या जावा भांडताना ऐकू आल्या पाहिजेत," असं तिचं म्हणणं. शेवटचे चार-पाच महिने ती त्याच खोलीत पलंगावर होती. मान वळवता येत नव्हती तेव्हाही विचारायची, "नकटीने खाल्लं का?"

ती गेल्यावर अण्णांचं सगळं बोलणं खुराड्यापाशी. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ते परसात. रात्री दारंखिडक्या लावायचं कामही त्यांचंच. सगळे झोपायला गेले की मग ते कड्या घालायचे. त्यांच्या स्वेटरवर कायम एखादं पीस चिकटलेलं असायचं. घरात विचारलं तर "हो", "नाही", "बरं". परसात मात्र तासभर गप्पा. एकदा आईने खिडकीतून ऐकलं, ते मधलीला सांगत होते की आज भाजीत मीठ जास्त पडलंय. आईला राग यायला हवा होता. ती ओट्याशी उभी राहून रडली.

तर त्या कोंबड्या जाणार होत्या. आणि त्या गेल्या तर अण्णा बोलणार कुणाशी, हा प्रश्न त्या जेवणाच्या टेबलावर भांड्यांच्या मधोमध येऊन बसला.

"मी बघते," वकील म्हणाली.

वकील म्हणजे घरातली मुलगी. शिकते नववीत, पण वाद घालते सुप्रीम कोर्टात असल्यासारखी, म्हणून हे नाव. यंदा वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता. तेव्हापासून तिला जगातली कुठलीही अडचण म्हणजे समोर बसलेले तीन परीक्षक वाटायची. बाबांनी आणलेली नियमांची पुस्तिका तिने दोन दिवसांत पाठ केली.

"ऐका. आपला रस्ता निवासी विभागात येतो. निवासी विभागात कोंबड्या चालतात! कोंबडा चालत नाही, तो आपल्याकडे नाहीच. खुराडं घरासमोर नको, ते मागेच आहे. फक्त एक नियम. माणसं झोपतात अशा कुठल्याही खोलीपासून खुराडं पंधरा फूट लांब पाहिजे. आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या."

लगेच मोजणी सुरू झाली. घरात टेप नव्हती. आईची शिवणकामाची पट्टी, तिला बाबांची जुनी नाडी, नाडीला गाठी. डावीकडे शेजारच्या हेडमास्तरांची झोपायची खिडकी. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अजून कुंपणावरून बोलताना अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं बोलायचे. त्यांच्या खिडकीपासून खुराडं जेमतेम सोळा फूट. उत्तम! पण उजवीकडे आपलीच मागची खोली, आणि तिच्यापासून खुराडं हातभरसुद्धा लांब नाही. इकडून लांब करावं तर तिकडून जवळ येतं. भूमितीच्या बाईंनी मुद्दाम घालावं तसलं गणित. परस होतं तेवढंच होतं.

"मागे जागा आहे का बघू या," म्हणत बाबा खुराड्याच्या मागे वळले. तिथे अण्णांनी वारा लागू नये म्हणून गोणपाटाचा पडदा लावला होता.

"तिकडे नको," अण्णा पटकन म्हणाले. "नकटी खुडूक आहे. अंड्यांवर बसलीये, डोळा फोडेल."

नकटीचं नाव ऐकताच बाबा तीन पावलं मागे आले.

वकील पायरीवर बसली, पेन्सिल चावली, आणि उठून उभी राहिली. उभी राहिली ती अशी, की आईला कळलं, आता काहीतरी भयंकर होणार.

"नियम काय म्हणतो? माणसं झोपतात अशी खोली. मग मागच्या खोलीत कुणी झोपतच नसेल तर?"

"अगं, अण्णा झोपतात की," बाबा म्हणाले.

"ते झोपतात ती झोपायची खोली. समजा ती अडगळीची खोली असेल तर? अण्णा काही दिवस माझ्या खोलीत झोपतील. मी बाहेर सोफ्यावर. तपासणी झाली की बघू."

कल्पना फक्कड होती. एकच प्रश्न उरला, अण्णांना सांगायचं कुणी. ती दोघांची खोली होती. खुंटीवर आजीची शाल अजून होती. बाबा म्हणाले, "तू सांग, तू सून." आई म्हणाली, "तुम्ही मुलगा." शेवटी वकीलच गेली. तिने जाताना पाच मुद्दे तयार केले होते. पहिला मुद्दा अर्धा झाला तोच अण्णा म्हणाले, "बरं."

"म्हणजे चालेल?"

"कोंबड्या राहतील ना? मग बरं."

चार मुद्दे वाया गेले, म्हणून वकील जराशी हिरमुसलीसुद्धा.

मग अडगळ जमवायला घेतली. माणूस एरवी अडगळीने वैतागलेला असतो, पण हवी तेव्हा ती नेमकी कमी पडते. सायकल आली, बंद पंखा आला, बॅगा, रद्दीचे गठ्ठे, वकिलीणबाईंचा लहानपणचा पाळणा आला. पलंग मात्र बाहेर जाईना. इकडून ओढला, तिकडून ढकलला, तिरका सरकवला. बाबांचं बोट चेंगरलं.

"नाही जायचा तो," अण्णा दारातून म्हणाले. "खोलीतच बसून केला होता. दार नंतर बसवलं."

"आधी का नाही सांगितलंत, अण्णा?"

"विचारलं नाहीत."

शेवटी पलंग तिथेच ठेवून त्याच्यावरच सगळं रचलं. म्हणायचं, ही सामान ठेवायची फळी आहे. रचताना आई म्हणाली, "ते निळं ब्लँकेट कुठे गेलं कळत नाही बाई. आणि थर्मासही सापडत नाहीये." पण घरात कुणाचंच लक्ष नव्हतं. तेवढ्यात पाळणा कोसळला होता.

अर्ज गेला होता, आणि तपासणीला नगरपालिकेच्या निरीक्षक बाई येणार होत्या. आदल्या संध्याकाळी तालीम झाली. निरीक्षक बाईंची भूमिका अर्थात वकिलाने घेतली. हातात पट्टी, नाकावर आईचा चष्मा.

"या खोलीत कोण झोपतं?"

"कुणी नाही," आई म्हणाली आणि तिला उचकी लागली. आईला खोटं बोललं की उचकी लागते. लग्नात उखाणा घेताना "मला सगळा स्वयंपाक येतो" म्हणाली होती, तेव्हा उचकी अर्धा तास थांबली नव्हती, असं आजी सांगायची.

"बाबा, तुम्ही. या खोलीत कोण झोपतं?"

"कुणी नाही. म्हणजे आत्ता नाही. म्हणजे तसं बघायला गेलं तर..."

"तसं बघायला जाऊ नका! अण्णा, तुम्ही म्हणा. या खोलीत कोण झोपतं?"

"कुणी नाही," अण्णा म्हणाले.

इतकं सरळ, इतकं सहज, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अण्णा, तुम्ही नाटकात जायला हवं होतं!" वकील ओरडली. "असं खोटं बोलता आलं पाहिजे!"

अण्णा जरासे हसले आणि दारं लावायला उठले.

निरीक्षक बाई सकाळीच आल्या. निळ्या फाटकात हात घालून त्यांनी आतली कडी काढली, कारण कडी कशी निघते ते त्यांच्या कागदावर लिहिलेलंच होतं. उंच, शांत बाई. पायात बूट, हातात खरीखुरी पोलादी टेप. परसात त्यांनी हेडमास्तरांच्या खिडकीपर्यंतचं अंतर मोजलं. थोरलीने टेपेला चोच मारली, त्यांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. थोरली चक्क बाजूला झाली. आजीनंतर ते कुणालाही जमलं नव्हतं.

"आता ही खोली," बाई म्हणाल्या.

खोलीत सगळे दाटीवाटीने उभे राहिले. बाईंनी सायकल पाहिली, पंखा पाहिला, पाळणा पाहिला.

"हा पलंग आहे."

"फळी आहे," बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घामाचा ओघळ निघाला होता.

"फळीला उशी असते?"

रद्दीच्या गठ्ठ्याखालून उशीचा एक कोपरा बाहेर डोकावत होता. वकिलाने तो पायाने आत ढकलायचा प्रयत्न केला. वरून पंखा घसरला.

"या खोलीत कोण झोपतं?"

"कुणी... हिक्," आई म्हणाली.

"मॅडम," वकील पुढे झाली, "नियम क्रमांक नऊ असं म्हणतो, की..."

"तुला नाही विचारलं, बाळ."

बाळ! वकिलाचे कान लाल झाले. आणि तेवढ्यात बाबांचा धीर सुटला. तसा तो सकाळपासून एका धाग्यावर लटकत होता.

"माझे वडील झोपतात, मॅडम," ते म्हणाले. "ही त्यांची खोली. त्यांची आणि आईची. खोटं बोललो. आम्ही तशी खोटं बोलणारी माणसं नाही हो, पण त्या कोंबड्या गेल्या तर..." ते पंख्याची पाती सरळ करत बसले.

"मी नाही झोपत इथे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, राहू दे आता," बाबा म्हणाले. "सांगितलं मी."

"नाही झोपत."

तेच सरळ, सहज उत्तर. पण या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हातारा माणूस धडधडीत पकडला गेल्यावरही पाठ केलेलं वाक्य म्हणतोय, हे बघून वकिलाने हातातली नियमांची पुस्तिका पाठीमागे लपवली. ते वाक्य तिनेच पाठ करून घेतलं होतं.

बाईंनी वही मिटली. "मी काय करू सांगा? अंतर पंधरा फूट हवं, इथे एक फूटही नाही." त्या जरा ओशाळल्यासारख्या बाहेर आल्या. निघताना रिवाज म्हणून त्यांनी कुंपणाकडे वळून विचारलं. हेडमास्तर मघापासून तिथे झाडाला पाणी घालत होते, एकाच झाडाला.

"कोंबड्यांबद्दल तुमची काही हरकत?"

"अजिबात हरकत नाही!" हेडमास्तर गरजले. "रात्रीच्या आवाजाचीसुद्धा आता सवय झालीये."

"रात्रीचा आवाज?" बाई थांबल्या. "कोंबड्या रात्री आवाज करत नाहीत."

हेडमास्तरांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी जमिनीकडे. आयुष्यभर दुसऱ्यांकडून उत्तरं वदवून घेतलेले हेडमास्तर एकदम गप्प झाले.

"कसला आवाज येतो, सर?"

"ते मी सांगू शकणार नाही."

"कोंबडा आहे!" बाई म्हणाल्या. "कोंबडा लपवलाय तुम्ही."

"नाही हो, मॅडम!" बाबा कळवळले. "पलंग लपवला, मान्य आहे. कोंबडा नाही लपवला!"

पण बाई खुराड्याच्या मागे निघाल्यासुद्धा. "तिकडे नकटी आहे," अण्णा म्हणाले. "खुडूक आहे, टोचेल." नकटी मात्र सगळ्यांच्या समोर, अंगणाच्या मधोमध उभी राहून स्वतःची शेपटी साफ करत होती. कुठली अंडी नि कुठलं काय. बाईंनी गोणपाटाचा पडदा बाजूला केला.

मागे कोंबडा नव्हता.

मागे एक आरामखुर्ची होती. अण्णांनीच कधीतरी केलेली, पाठ लांब असलेली. तिच्यावर नीट घडी घातलेलं निळं ब्लँकेट. पायाशी थर्मास, कानटोपी, आणि पाटावर ठेवलेला आजीचा चष्मा. वर पत्र्याचं अर्धं छप्पर. खुर्चीचं डोकं खुराड्याच्या जाळीला टेकलेलं होतं, आणि जाळीतून आलेली पिसं ब्लँकेटवर पडली होती.

आईची उचकी थांबली.

"घोरतात हो ते," हेडमास्तर कुंपणापलीकडून म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू येऊ शकतो हे कुणालाच माहीत नव्हतं. "हिवाळ्यापासून. कधी कधी फार उशिरा सुरू होतं. ऐकू आलं की मला कळतं, लागली झोप. मग मीही झोपतो."

"अण्णा," बाबा म्हणाले, "एवढ्या थंडीत?"

"आत झोप लागत नाही," अण्णा म्हणाले. "पलंगावर हात टाकला की रिकामा जातो. इथे या जरा हलतात, कुरकुरतात. कुणीतरी आहे असं वाटतं." मग जणू खुलासा म्हणून ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही आत नेलं असतं मला."

वकील आत पळाली. तिने पलंगावरचं सगळं, पाळणा, गठ्ठे, बॅगा, दोन्ही हातांनी खाली ओढलं. खालची चादर आजीने घालायची तशी कोपरे दुमडून ताणलेली होती, पायथ्याशी तिची औषधांची डबी होती, आणि अण्णांच्या बाजूच्या उशीवर धूळ होती. रद्दीची नव्हे. अख्ख्या हिवाळ्याची, मऊ, सारखी पसरलेली. तिने त्यावर बोट टेकवलं. बोटाचा ठसा उमटला. कालच्या टाळ्या तिला आठवल्या, आणि नववीतली ती वक्तृत्वाची विजेती, एक शब्द न सुचून, उशीशी उभी राहिली.

बाई तिच्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनीही उशी पाहिली. मग वही उघडली.

"मागच्या खोलीत कुणी झोपत नाही," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "खात्री केली."

"पण मॅडम," बाबांनी विचारलंच, कारण न विचारता त्यांना राहवेना, "खुराड्याला खेटून माणूस झोपतो, त्याचं काय? पंधरा फूट..."

"अहो!" आई किंचाळली.

"नियम खोलीचा आहे," बाई म्हणाल्या. "खुर्चीला भिंती आहेत?"

"नाहीत."

"मग खुर्ची आहे. आणि तुम्ही," त्यांनी बाबांकडे बोट केलं, "पुन्हा कार्यालयात काही विचारायला येऊ नका."

परवानगी आठवड्यात आली. तिच्यावर एक अट होती: मागील खोलीचा वापर झोपण्यासाठी करू नये. अण्णांची समजूत घालून त्यांना पुन्हा आत न्यायचं वकिलाने मनाशी ठरवलं होतं, त्यासाठी मुद्देही काढले होते. आता ते बेकायदेशीर झालं होतं. तिने मुद्दे सोडून दिले आणि खुर्चीसाठी जुन्या स्वेटरांची उशी शिवली. टाके वाकडे आले. अण्णांनी ती मधलीला दाखवली.

बाबा दोन दिवस घरात नुसते फिरत होते. गॅस बघायलासुद्धा परत आले नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी व्हरांड्यातली दुसरी खुर्ची उचलली, कुणालाही न विचारता, आणि गोणपाटामागे नेऊन ठेवली. आई आणि वकील स्वयंपाकघराच्या खिडकीशी कान देऊन उभ्या.

"अण्णा," शेवटी बाबांचा आवाज आला, "झोप लागते का हो तुम्हाला?"

"लागते थोडी," अण्णा म्हणाले. "तुझी आई गेली त्या दिवसापासून हे कुणी विचारलं नव्हतं."

नंतरचं दोघींनी ऐकलं नाही. आईने खिडकी लावून घेतली आणि दुसरं ब्लँकेट शोधायला गेली.

सकाळी वकील कोंबड्यांना दाणे टाकत होती. कुंपणावरून हेडमास्तर डोकावले. डोळे सुजलेले, झोप न झालेल्या माणसासारखे.

"काल दोन आवाज येत होते," ते म्हणाले.

वकील घाबरली. "हरकत आहे का, सर?"

हेडमास्तरांनी त्या एकाच झाडाला पुन्हा पाणी घालायला सुरुवात केली.

"हरकत नाही," ते म्हणाले. "सवय होईल."